पक्षाघातानंतरचा दमसास : चालण्याच्या व्यायामाचे महत्त्व

(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





रक्तदाब, मधुमेह, व्यसनमुक्ती हे विषय आपल्याला परिचित आहेत. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ती माणसे मात्र या सभागृहात सहसा दिसत नाहीत. ती घरी असतात. दाराजवळच्या खुर्चीत किंवा खाटेच्या कडेला बसून असतात. त्यांच्या अंगावरून वारे गेलेले असते. कोणी त्याला लकवा म्हणतात, कोणी अर्धांगवायू. वैद्यकीय भाषेत आपण त्याला पक्षाघात म्हणू.

रुग्ण इस्पितळातून घरी येतो. औषधे सुरू असतात. काही आठवडे मालीश होते, हातपाय हलवून घेतले जातात. रुग्ण काठी टेकत घरातल्या घरात चालू लागतो. आणि तेथेच सगळे थांबते. घरातली माणसे प्रेमानेच म्हणतात, "आता तुम्ही आराम करा. पाणी आम्ही देतो, उठू नका." शेजारीपाजारी सांगतात, "जे काही परत यायचे ते सहा महिन्यांत येते, पुढे काही होत नाही." या दोन वाक्यांमुळे किती माणसे कायमची खुर्चीत बसली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. या दोन्ही वाक्यांना आज आम्हाला उत्तर द्यायचे आहे. आपल्या वस्त्यांत सफाई, बांधकाम, हमाली, घरकाम करून पोट भरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ज्यांची रोजीरोटी पायांवर चालते, त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाही, भाकरीचाही आहे.

पाय दुबळा होतो, पण दमही जातो

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली किंवा ती वाहिनी फुटली, म्हणजे मेंदूच्या त्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि तेथील पेशी मरू लागतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू दुबळी होते, उजव्या बाजूला झाली तर डावी. हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. म्हणूनच रुग्णाला चालता येत नाही असे दिसले की आपण दोष पायाला देतो. पायाला तेल लावतो, पाय शेकतो, पाय हलवतो.

परंतु आणखी एक गोष्ट घडलेली असते व ती डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाचा दमसास गेलेला असतो. कठोर श्रम करताना शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरू शकते, हे यंत्राने मोजता येते. त्यावरून माणसाचा दमसास ठरतो. पक्षाघात झालेल्या रुग्णांची अशी मोजमापे झाली आहेत. त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या तुलनेत त्यांचा दमसास सरासरीने सुमारे निम्मा आढळतो. स्वयंपाकपाणी, अंघोळ, जिना, बाजार ही कामे दुसऱ्याच्या मदतीशिवाय करण्यासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण १५ ते १८ मिलिलिटर प्राणवायू वापरण्याची क्षमता लागते असे मानले जाते. पक्षाघाताच्या रुग्णांत ती ८ ते २२ मिलिलिटर एवढीच आढळते. म्हणजे अनेकजण या मर्यादेच्या खाली असतात.

दुसऱ्या बाजूने पाहा. दुबळा पाय गुडघ्यात नीट वाकत नाही, पाऊल खाली लोंबते, म्हणून रुग्ण कमरेतून पाय उचलून बाहेरून अर्धगोल फिरवत टाकतो. तोल सांभाळण्यासाठी चांगल्या बाजूला जादा कष्ट पडतात. यामुळे त्याच वेगाने चालायला त्याला निरोगी माणसाच्या दीडपट ते दुप्पट शक्ती खर्चावी लागते.

हे एखाद्या कुटुंबाच्या हिशेबाप्रमाणे आहे. पगार निम्मा झाला आणि घरखर्च दुप्पट झाला, तर महिन्याच्या दहा तारखेलाच हात रिकामा होतो. रुग्ण संडासापर्यंत जाऊन येतो आणि धापा टाकत बसतो, त्याचे कारण हे आहे. तो आळशी झालेला नसतो, त्याने धीरही सोडलेला नसतो. त्याची शिल्लक संपलेली असते. आणि बसून राहिल्याने पगार आणखी घटतो. हृदय दुबळे होते, दुबळ्या बाजूचे स्नायू सुकतात व त्यांतील लवकर न थकणारे तंतू कमी होतात. जितका बसतो तितका दम कमी होतो, आणि दम कमी म्हणून आणखी बसतो. हे चक्र तोडणे हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

एरोबिक व्यायाम म्हणजे काय?

एरोबिक हा शब्द ऐकला की दूरदर्शनवर संगीताच्या तालावर उड्या मारणारी तरुण मंडळी डोळ्यांसमोर येतात. आम्हाला ते अभिप्रेत नाही. मोठे स्नायू एका लयीत काही मिनिटे सतत वापरले जातील, श्वास थोडा जलद होईल, हृदयाचे ठोके वाढतील आणि तरीही शरीराला प्राणवायू पुरत राहील, असा कोणताही व्यायाम एरोबिक होय. चालणे, स्थिर सायकल चालवणे, ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालणे, खुर्चीत बसून लयीत पाय-हात हलवणे, हे सारे त्यात येते.

मालीश हा असा व्यायाम नव्हे. दुसऱ्याने आपला पाय हलवणे हाही नव्हे. सांधे आखडू नयेत म्हणून ते उपयोगी आहे, पण त्याने हृदयाला काम पडत नाही आणि दमसास वाढत नाही.

संशोधन काय सांगते?

विद्यार्थी मित्रांनो, नुसत्या उपदेशावर विश्वास ठेवू नका, पुरावा मागा. म्हणून काही अभ्यासांची माहिती देतो.

१९९५ साली अमेरिकेत ४२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या अंगाने दुबळ्या झालेल्या या रुग्णांपैकी एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, त्यांच्यासाठी बदल केलेली स्थिर सायकल चालवली. दुसऱ्या गटाचे सांधे केवळ दुसऱ्याने हलवून दिले. दमसास वाढला तो सायकल चालवणाऱ्यांचाच.

२००५ साली बाल्टिमोर येथील संशोधकांनी ६१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या साऱ्यांच्या पक्षाघाताला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. सहा महिने ट्रेडमिलवर चालणाऱ्या गटाचा दमसास सरासरी १७ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा ३ टक्क्यांनी. सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर पहिल्या गटात ३० टक्क्यांनी वाढले, दुसऱ्यात ११ टक्क्यांनी. सहा महिन्यांनंतर काही होत नाही, या समजुतीला हे सरळ उत्तर आहे.

२०२० साली जगभरच्या ७५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यांत एकूण ३०१७ रुग्ण होते. दमसासाच्या व्यायामाने चालण्याचा वेग, चालण्याचे अंतर आणि दम, तिन्ही सुधारतात असे त्यात दिसून आले. सहा मिनिटांच्या चालीत सरासरी तीस मीटरपेक्षा थोडी जास्त भर पडली. आकडा लहान वाटेल. परंतु तीन एसटी गाड्या एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, साधारण तेवढे हे अंतर आहे. घर आणि कोपऱ्यावरचा दुकानदार यांच्यात कधी कधी एवढेच अंतर असते.

आता यंत्राचा प्रश्न. "आमच्याकडे कुठे ट्रेडमिल आहे?" असे लोक विचारतात. २०११ साली अमेरिकेत ४०८ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना पट्ट्याने वजन पेलून ट्रेडमिलवर चालवले. त्यांतील काहींना दोन महिन्यांनी सुरुवात केली, काहींना सहा महिन्यांनी. तिसऱ्या गटाला भौतिकोपचारतज्ज्ञाने घरी जाऊन ताकदीचे व तोलाचे साधे व्यायाम दिले. वर्षाअखेर एकूण ५२ टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या पायरीवर गेले आणि तिन्ही गटांत फरक आढळला नाही. महागडे यंत्र नाही म्हणून चालणे सुधारणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. मात्र घरच्या व्यायामावर तज्ज्ञाची नजर होती, हे विसरू नये. तसेच या अभ्यासातील निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात एकदा तरी पडले, हेही विसरू नये.

घाई नको, पण विलंबही नको

पुराव्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१५ साली पाच देशांतील ५६ इस्पितळांमध्ये २१०४ रुग्णांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर पहिल्या चोवीस तासांतच वारंवार व जास्त प्रमाणात उठवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांच्या रुग्णांपेक्षा काहीशी कमी चांगली होती. याचा अर्थ पडून राहावे असा नाही. नेहमीच्या उपचारांतही रुग्णांना लवकरच उठवले जाते. पहिल्या दिवसांत किती आणि कसे उठवायचे ते इस्पितळाने ठरवावे, नातेवाइकांनी अतिउत्साह करू नये, एवढाच त्याचा बोध.

२०१९ साली जर्मनीत २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र पक्षाघात झालेल्यांना पहिल्या काही आठवड्यांतच ट्रेडमिलवर दमसासाचा व्यायाम दिला. तीन महिन्यांनी चालण्याच्या वेगात विशेष लाभ दिसला नाही, उलट गंभीर त्रास होण्याचे प्रमाण व्यायामाच्या गटात अधिक होते. म्हणजे मोठा झटका आलेल्या रुग्णाला सुरुवातीच्या आठवड्यांत आपल्या मनाने दमवू नये. प्रकृती स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू व्यायाम वाढवावा.

आपल्या देशातील एक अभ्यास तर आपण सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. भारतातील १४ इस्पितळांत १२५० रुग्णांवर तो झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरातील एका व्यक्तीला शिकवून तिच्याकडूनच रुग्णाचा व्यायाम करून घेतला, तर रुग्ण अधिक स्वावलंबी होतो काय, हे पाहायचे होते. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. घरची सून, मुलगी किंवा पत्नी आधीच कामाने दबलेली असते. सगळा भार तिच्यावर टाकून आपण मोकळे होऊ, ही कल्पना टिकणारी नाही. कुटुंबाचे प्रेम हवेच, पण त्याला जाणकाराची नजर आणि समाजाचा हात यांची जोड हवी, असे आम्हाला वाटते.

प्रत्यक्ष कसे करावे?

पहिली पायरी म्हणजे तपासणी. व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. ज्या कारणांनी मेंदूची वाहिनी तुंबते, त्याच कारणांनी हृदयाचीही तुंबते. म्हणून या रुग्णांपैकी अनेकांना हृदयविकार असतो आणि तो काही वेळा लक्षात आलेला नसतो. नंतर भौतिकोपचारतज्ज्ञाकडून चाल, तोल, काठीची उंची आणि पाऊल लोंबत असल्यास पायाचा स्प्लिंट यांबाबत सल्ला घ्यावा. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत व जिल्हा रुग्णालयांत हा विभाग असतो.

दुसरी पायरी मोजमापाची. शिंप्याच्या फितीने जमिनीवर दहा मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने रेघ ओढावी. रेघेच्या अलीकडे व पलीकडे दोन-दोन पावलांची जागा ठेवावी. रुग्णाने नेहमीच्या वेगाने चालावे आणि रेघेपासून रेघेपर्यंतचा वेळ घड्याळात पाहावा. १९९५ साली मांडलेले एक वर्गीकरण आजही वापरले जाते. दहा मीटरला २५ सेकंदांहून अधिक लागत असतील तर चालणे बहुधा घरापुरतेच राहते. साडेबारा सेकंदांपेक्षा कमी लागत असतील तर माणूस बाहेरची कामे करू शकतो. मधले लोक थोडेफार बाहेर पडतात. हा आकडा तारीख घालून वहीत लिहावा व महिन्याने पुन्हा मोजावा. डोळ्यांना न दिसणारी सुधारणा वहीत दिसते आणि त्याने हुरूप येतो.

तिसरी पायरी प्रमाणाची. अमेरिकेतील हृदयविकार व पक्षाघात या विषयांच्या संघटनांनी २०१४ साली दिलेल्या शिफारशीनुसार आठवड्यातून ३ ते ५ दिवस, दर वेळी २० ते ६० मिनिटे दमसासाचा व्यायाम करावा. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत. याशिवाय आठवड्यातून २ ते ३ दिवस ताकदीचे व्यायाम सांगितले आहेत. आमचा अनुभव असा की बराच काळ बसून असलेल्या माणसाला दहा मिनिटेही डोंगराएवढी वाटतात. म्हणून तीन ते पाच मिनिटांपासून, दिवसातून दोन-तीनदा सुरुवात करावी. दोन मिनिटे चालावे, एक मिनिट बसावे, पुन्हा दोन मिनिटे चालावे. दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. आधी वेळ वाढवावा, वेग नंतर. सुरुवातीची व शेवटची काही मिनिटे अगदी सावकाश चालावे, एकदम थांबू नये.

चौथी पायरी जोराची. फार हळू चालले तर हृदयाला काम पडत नाही, फार जोराने चालले तर धोका. साधी खूण अशी की चालताना एखादे वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना ही खूण लागू पडत नाही. त्यांचा श्वास व चेहरा पाहावा, बोटांच्या खुणेने विचारावे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची एक मोजपट्टी तयार केली आहे. ती ६ पासून २० पर्यंत जाते. ११ म्हणजे हलके श्रम, १३ म्हणजे काहीसे कठीण. रुग्णाने ११ ते १४ च्या दरम्यान राहावे.

विद्यार्थ्यांसाठी नाडीचा हिशेब सांगतो. समजा, विश्रांतीत नाडी मिनिटाला ७५ आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालील चाचणीत ती जास्तीत जास्त १२५ पर्यंत गेली. दोहोंतील फरक ५०. त्याच्या ४० टक्के म्हणजे २० आणि ७० टक्के म्हणजे ३५. हे ७५ मध्ये मिळवले की ९५ ते ११० ही व्यायामातील नाडीची मर्यादा मिळते. परंतु अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमाने फारशी वाढत नाही, आणि ज्यांच्या ठोक्यांत अनियमितता आहे त्यांच्या नाडीवर विसंबता येत नाही. त्यांनी श्वासाची खूण व बोर्ग यांची मोजपट्टी वापरावी.

अलीकडे आलटून पालटून अर्धा मिनिट जोराने चालणे व मग थांबणे, असा व्यायामही अभ्यासला गेला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ५५ रुग्णांच्या अभ्यासात बारा आठवड्यांनंतर अशा व्यायामाने सहा मिनिटांच्या चालीत सरासरी ७१ मीटरची भर पडली, मध्यम गतीने चालणाऱ्यांत २७ मीटरची. मात्र ते रुग्ण निवडून, तपासून घेतलेले होते व तज्ज्ञ सोबत होते. घरी स्वतःच्या मनाने हा प्रयोग करू नये.

कोणती काळजी घ्यावी?

सोबतच्या माणसाने रुग्णाच्या दुबळ्या बाजूला, किंचित मागे राहावे. आधार कमरेच्या पट्ट्याला द्यावा. दुबळा हात धरून कधीही ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल असतात, खांदा निसटतो व कायमचे दुखणे मागे लागते. रबरी स्लिपर घालून चालू नये. मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घालावा. ओली फरशी, पायपुसणी, वायरी वाटेतून काढाव्यात. उन्हात चालू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये, खिशात साखर ठेवावी.

छातीत दुखले, दाटून आले, चक्कर आली, दरदरून घाम सुटला, ठोके वेडेवाकडे झाले किंवा बसूनही धाप शमत नसेल, तर व्यायाम ताबडतोब थांबवून डॉक्टरांना दाखवावे. तोंड वाकडे होणे, हात गळून पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एखादे लक्षण नव्याने दिसले तर क्षणाचाही विलंब न करता मोठ्या इस्पितळात न्यावे. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. तेल चोळण्यात, उतारा टाकण्यात हा वेळ घालवू नये.

आणि चालायला लागलो म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करू नये. पुन्हा झटका येण्याचा धोका कमी करण्यासाठी गोळी, तंबाखू-मिश्रीचा त्याग, कमी मीठ आणि व्यायाम हे सारे एकत्र लागते. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

ज्यांना अजून चालताच येत नाही त्यांनीही निराश होऊ नये. पाठीला टेकू असलेल्या भक्कम खुर्चीत बसून आळीपाळीने पाय उचलावेत, हात लयीत पुढेमागे करावेत. थोडी ताकद असेल तर कोणी जवळ असताना खुर्चीतून उठून उभे राहावे व सावकाश बसावे. पाच वेळा, मग आठ वेळा, मग दहा वेळा. उठणे-बसणे हा पायाच्या ताकदीचा उत्तम व्यायाम आहे, त्याला पैसा लागत नाही.

संस्थेने काय करावे?

आपली घरे लहान आहेत. दोन खोल्यांत सात माणसे राहतात, चालायला दहा पावलांची जागा नाही. बाहेर गटारावरची फुटकी फरशी, दुचाक्यांची गर्दी, पावसाळ्यात चिखल. आणखी एक अडचण मनाची आहे. वाकडी चाल लोकांना दिसेल म्हणून माणसे बाहेर पडत नाहीत. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक होते. पुरुषाला कोणीतरी हात धरून कट्ट्यापर्यंत नेते. आजारी बाईला मात्र घरच्या कोपऱ्यात बसून भाजी निवडण्याचे काम मिळते आणि त्यालाच तिचे बरे होणे समजले जाते. चालण्याचा हक्क तिलाही आहे.

म्हणून आम्ही संस्थेपुढे एक विनंती ठेवतो. हे सभागृह आठवड्याचे बहुतेक दिवस सकाळी रिकामे असते. त्यातील तीन दिवस सकाळचा एक तास पक्षाघात झालेल्या स्त्री-पुरुषांसाठी राखून ठेवावा. भिंतीला धरून चालण्यासाठी एक कठडा, हात असलेल्या दहा भक्कम खुर्च्या, रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र, एक घड्याळ आणि जमिनीवर दहा मीटरच्या दोन रेघा, एवढे साहित्य पुरेसे आहे. महिन्यातून एकदा भौतिकोपचारतज्ज्ञाने येऊन प्रत्येकाची चाल तपासावी. ती जबाबदारी आमच्यासारख्या या क्षेत्रातल्या मंडळींनी आनंदाने घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, यात तुमचा वाटा मोठा आहे. वेळ मोजणे, वहीत नोंद करणे, नाडी पाहणे, जिन्यावरून उतरताना सोबत करणे, ही कामे तुम्ही शिकू शकता. परंतु रुग्णाच्या वाट्याचे काम करू नका. पेला त्याच्या हातात देण्यापूर्वी तो स्वतः उठून घेऊ शकतो काय, हे पाहा. त्याला वेळ लागेल, तो लागू द्या.

बंधू-भगिनींनो, पक्षाघात झालेला प्रत्येकजण पूर्वीसारखा चालेल असे आश्वासन आम्ही देत नाही, ते खोटे ठरेल. काहींची काठी सुटेल, काहींची सुटणार नाही. पण ज्याला संडासापर्यंत जाऊन धाप लागते तो दारापर्यंत जाऊ शकेल, दारापर्यंत जाणारा कोपऱ्यापर्यंत जाऊ शकेल, आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाला यांपैकी काही माणसे स्वतःच्या पायांनी या सभागृहात येऊन बसू शकतील. त्यासाठी आज घरी गेल्यावर आपल्या घरातील किंवा शेजारच्या अशा एका माणसाची चौकशी करा, त्याला डॉक्टरांकडे तपासणीसाठी घेऊन जा आणि संस्थेच्या कार्यालयात त्याचे नाव नोंदवा.